वेगळ्या चुलीची भांडी

"तो नको. खाली ठेव," हंसाबाई म्हणाल्या, आणि दीपाने दोन्ही हातांनी उचललेला मोठा गंज, म्हणजे उभे पातेले, पुन्हा फळीवर ठेवला.

दिग्रसच्या बाजारात गुलाम नबीच्या भांड्यांच्या दुकानात सासू-सून सकाळपासून बसल्या होत्या. मागच्या सोमवारी हंसाबाईंनीच घरात सांगून टाकले होते, "आता चूल वेगळी." मुलगा शाम मान खाली घालून जेवत राहिला. वेगळे निघण्याची भाषा आधी दीपाच्याच तोंडून निघाली होती.

तांड्यातल्या त्यांच्या घराची एक रीत होती. वेगळ्या होणाऱ्या सुनेला पहिली भांडी सासूने घेऊन द्यायची. थोरलीने तशी भांडी मारेगावला नेली, मधलीने मुकुटबनला. आता आपली पाळी, हे दीपाने धरूनच ठेवले होते. लग्न होऊन आल्यापासून ती सासूच्या पसंतीच्या कढईत भाजी परतत आली होती. निदान नव्या चुलीवर तरी एखादे भांडे आपल्या आवडीचे असावे, एवढेच तिला हवे होते.

हंसाबाईंनी तळहाताएवढ्या रुंदीचा गंज निवडला.

"आई, याच्यात चौघांचं वरण कसं व्हईन?"

"झाकण बसते का नाही ते पाह्य आधी."

मनगट सांगेल तेच भांडे घ्यावे, असे हंसाबाईंचे ठाम मत होते. त्यांनी प्रत्येक वस्तू स्वतः उचलून पाहिली, आणि प्रत्येक वेळी थोडे थांबून श्वास घेतला. दीपाला दोन कानांची पसरट कढई आवडली होती. त्यांनी लांब दांड्याची लहान घेतली. तवा हलका घेतला. बादली तर इतकी लहान घेतली की दीपाला राहवले नाही.

"हिच्यात आंघोळ कोणाची होते? ते लाल मोठी घ्या न."

"भरल्यावर उचलता आली पाहिजे."

"मी उचलते न!"

"तू उचलते, मले मालूम हाये."

गुलाम नबी हसला. "मावशी, बाहुलीचा संसार मांडून राह्यल्या का? बहूच्या पसंतीचं एखादं तरी घ्या."

"तू दुकान पाह्य आपलं. भांडं ज्याच्या हातात राहीन, त्याच्या हाताले बसलं पाहिजे."

"मंग माह्या हातात द्या तरी!" दीपा म्हणाली. दुकानातले आणखी एक गिऱ्हाईक वळून पाहू लागले.

हंसाबाई स्टुलावर बसल्या, पदराने कपाळ पुसले आणि मसाल्याच्या डब्याकडे बोट दाखवले. दीपाने फुलांची नक्षी असलेला डबा पुढे केला. त्यांनी तो मागे सारला आणि तीनच वाट्यांचा साधा डबा काढायला लावला.

"आई, एवढा एक तरी राहू द्या."

"नाही म्हटलं न."

दीपाने वाद सोडला. ती उंबऱ्याशी टेकली. नवे घर, नवी चूल, आणि तिथेही सासूच मांडून बसणार. वेगळे निघून मिळवले काय?

गुलाम नबीने भांडी एका रांगेत मांडली आणि नाव टाकायची मशीन पुढे ओढली.

"नाव शामभाऊचं टाकू, का या दीपाबाईचं?"

"माहं टाका," दीपा चटकन म्हणाली. भांडी नाही तर नाही, नाव तरी तिचे असावे.

"तुहं कायले?" हंसाबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या. "तुहं घर हाये, तू तिथंच राह्य. आजपासून पाहिजे तशी कढई आण. वेगळी मी निघाली. गुलाम, नाव टाक, हंसाबाई."