दारावरचं गाव

धुकं इतकं दाट होतं की नव्या वसाहतीतली एकसारखी घरं आणखीच एकसारखी दिसत होती. सरिता हरिदासच्या दारावरचा स्टिकर नखानं खरवडत होती आणि मनातल्या मनात स्वतःला शिव्या घालत होती.

कोळशाच्या खाणीसाठी गाव उठलं, त्याआधी तिनं घराघरातले आवाज मोबाइलवर टिपून ठेवले होते. त्यांचं तिनं अ‍ॅप केलं. दारावरच्या स्टिकरसमोर मोबाइल धरला की आत राहणाऱ्याचं जुनं घर ऐकू यायचं. कल्पना झकास होती. फक्त स्टिकर लावताना तिनं जुन्या गावातल्या घरांचा क्रम धरला, आणि नवी घरं तर चिठ्ठ्या टाकून वाटलेली. बहुतेकांच्या दारात भलत्याचंच घर बोलायला लागलं.

"काऊन काढून राह्यली वं?"

ओट्यावर बायनाबाई बसली होती. तिचं घर वसाहतीच्या पार दुसऱ्या टोकाला. इतक्या सकाळी म्हातारी इथं कशी, हे सरिताला कळेना.

"चुकलं माझं, बायनाबाई. तुमचं घर हरिदासभाऊंच्या दारावर लागलं. आता तुमच्या दारावर लावून देते."

"एकडाव ऐकव मले."

सरितानं मोबाइल धरला. अंगणात सडा पडला. कोंबडी ओरडली. भिंतीपलीकडून रुखमाचा आवाज आला, "उठली का वं?" बायनाबाईनं डोळे मिटून घेतले.

"आमची दोघीची भिंत एकच होती," ती म्हणाली. "रुखमाले चिठ्ठीत हे बाजूचं घर भेटलं. मले तिकडं टोकाले. दिवसभर बोलाले कोणी नाई. तू स्टिकर लावून देशीन माह्या दारावर, पण फोनातली रुखमा मले ओ देत नाई."

सरिताला फार वाईट वाटलं.

तेवढ्यात दार उघडलं आणि डोक्यावर खाट घेऊन हरिदास बाहेर आला.

"सरक बाई. माह्यं घर टोकाले हाय."

"कोणतं घर?"

"बायनाबाईचं. काल तिच्या दारावर मोबाइल धरला, तं माह्या बैलांच्या घंट्या वाजल्या. तिथी बैलं बांधाले जागाबी हाय. मी तिकडं जातो, बायनाबाई इकडं येते. काल सारं गाव दारोदार फिरलं, आपापलं घर पाहून आलं."

"पण भाऊ, स्टिकर चुकलेत."

"स्टिकर बरोबर हायेत. चिठ्ठ्या चुकल्या."

तो रस्त्याला लागला. समोरच्या गल्लीतून आणखी एक खाट निघाली. तिच्यामागं दुसरी. मग पलीकडूनही. धुक्यात माणसं दिसत नव्हती. नुसत्या खाटा चालत होत्या, आपापल्या घरी.