पांझरेकाठची क्षमापना

हिलालनाना समोरून येताना दिसले आणि दलिचंद शेठना वाटलं, आल्या पावली मागे फिरावं. पण पांझरेकाठचा हा फिरायचा ट्रॅक म्हणजे एका अंगाला नदी, दुसऱ्या अंगाला लोखंडी जाळी. तोंड लपवायला जागा म्हणून ठेवलेली नाही. शिवाय बरोबर रोजची मंडळी होती, आणि आज सगळ्यांचे डोळे शेठवरच होते.

कारणही तसंच होतं. सकाळचा चहा जरा उशिरा आला तर घर डोक्यावर घेणाऱ्या या माणसानं यंदा पर्युषणात चक्क अठ्ठाई केली होती. आठ दिवस नुसत्या उकळलेल्या पाण्यावर. जैन समाजानं मिरवणूक काढली, त्यांच्या भांड्यांच्या दुकानाबाहेर मोठा फ्लेक्स लागला. पर्युषणाची सांगता करणारी संवत्सरी परवाच झाली होती, त्यामुळे शेठ भेटेल त्याला हात जोडून 'मिच्छामि दुक्कडम्' म्हणत चालले होते. वर्षभरात कळत नकळत मन दुखावलं असेल तर क्षमा करा. योगवर्ग घेणाऱ्या ज्योत्स्नाताईंना म्हणाले, नारळपाणीवाल्याला म्हणाले, ज्यांची नावंही ठाऊक नाहीत अशा दोघा-चौघांना म्हणाले. ज्यांचं काही वाकडं केलेलं नाही त्यांची क्षमा मागायला काय लागतं?

हिलालनाना हे एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. श्रावणाच्या सुरुवातीला याच ट्रॅकवर त्यांना मागून एक सायकल धडकली होती. डावा खांदा मोडला. सायकलवाला पसार झाला. कोण होता ते आजवर कुणालाच कळलं नव्हतं.

ठाऊक होतं ते फक्त दलिचंद शेठना. गुडघ्यासाठी चांगली म्हणून मुलानं, पुनीतनं, घेऊन दिलेली नवीकोरी गिअरची सायकल ते त्या सकाळी चालवत होते. पाऊस पडून गेलेला, फरसबंदीवर जागोजागी गोगलगायी आलेल्या. चातुर्मासात चाकाखाली जीव जायला नको, म्हणून शेठ मान खाली घालून एकेक चुकवत होते. एकीला वाचवायला हँडल वळवलं आणि समोर चालणारा माणूस आडवा केला. नाना पालथे पडून कण्हत होते. लांबून दोन बायका येताना दिसल्या. त्या उचलतील, असं शेठनी स्वतःला सांगितलं आणि पेडल मारलं. घरी येऊन सायकल ताडपत्रीखाली ढकलली, गुडघा जास्तच दुखतो म्हणाले. पुढे सगळी मंडळी नानांना बघायला गेली, तेव्हा सफरचंदांची सर्वांत मोठी पिशवी मात्र यांचीच होती.

अठ्ठाई केली की हे पाप जळून जाईल, असा त्यांचा हिशेब होता. पोट जळलं, पाप होतं तिथंच राहिलं. फ्लेक्सवरचा स्वतःचा फोटो पाहिला की त्यांना आपलीच किळस यायची.

आज सांगायचं. आत्ता, सगळ्यांसमोर. इतरांसारखंच नानांपुढेही हात जोडून सटकायचं असेल, तर इतके दिवस उपाशी राहिलो ते कशाला? असं स्वतःला बजावत शेठ दोन पावलं पुढे झाले.

"नाना, मला तुमच्याशी जरा…"

"थांबा शेठ," नाना म्हणाले. "यंदा मी पहिले."

त्यांचा डावा हात गळ्यातल्या झोळीत होता. उजवा तेवढा छातीशी धरून, लहान पोरानं पाठ म्हणावा तसं अडखळत ते म्हणाले, "मिच्छामि दुक्कडम्." मंडळी कौतुकानं हसली. नाना हसले नाहीत.

"त्या दिन मी पडनू ना, तवय मना मनमा तुमनंच नाव उनं. सायकल तुमनीच व्हई, असं वाटनं. खाटवर पडी पडी महिनाभर तुमले शिव्या दिध्यात. आनि तुमी आठ दिन उपाशी. देवमानूसना बारामा असा भलता इचार करा मी. माले माफ करा."

यापेक्षा सोपं आता काय व्हायचं होतं? तुमचा विचार भलता नव्हता नाना, एवढंच म्हणायचं. शब्द ओठांपर्यंत आलेसुद्धा.

तेवढ्यात ज्योत्स्नाताईंनी नानांची समजूत घातली. आजारपणात माणसाच्या मनात काहीबाही येतंच, त्याचं एवढं काय. आणि शेठ तर मुंगीलासुद्धा दुखवायचे नाहीत, हे अख्ख्या धुळ्याला ठाऊक आहे. सगळ्यांनी माना डोलावल्या. शेठ त्या डोलणाऱ्या मानांकडे बघत राहिले. त्यांना लाज वाटली, आणि लाजेपेक्षा भीती जास्त वाटली.

"बोला ना शेठ," नाना अगदी काकुळतीला आले होते. "माफ करशात ना माले?"

दलिचंद शेठनी दोन्ही हात जोडले.

"केलं, नाना," ते म्हणाले. "केलं माफ."

नानांनी उजव्या हातानं शेठचे जोडलेले हात धरले.

"बरं व्हयनं. आते रातले झोप लागी माले."