पाचवी खूण

"बाई, आमचा दरवाजा चौकटीत बसेनासा झालाय. करा टिक!" पोस्टमास्तर म्हणाले आणि वाचनालयात हशा पिकला.

कालिंदीबाईंच्या विज्ञान वाचक मंडळाचा शिरस्ताच होता, पुस्तकातली एक तरी गोष्ट प्रत्येकाने घरी पडताळून यायची. या महिन्याचं पुस्तक दरडींवरचं होतं. दरड कोसळण्याआधी दिसणाऱ्या पाच खुणा बाईंनी फळ्यावर लिहिल्या होत्या.

"आमचा फणस कललाय," शेवंताकाकू म्हणाल्या. झऱ्याला गढूळ पाणी येत असल्याचं त्यांच्या जावेने सांगितलं. "अंगणाला भेग गेलीय, हात जाईल एवढी!" मागून कुणीतरी ओरडलं. प्रत्येक उत्तरावर टाळ्या पडत होत्या. टिक करता करता बाईंचा हात मात्र जड झाला. ही सगळी घरं वाचनालयाच्या डोक्यावरच्या एकाच आळीतली होती.

आता पाचवी खूण तेवढी राहिली होती: डोंगराच्या पोटातली घरघर.

"जरा गप्प बसा सगळे," बाई म्हणाल्या.

हसू ओसरलं. आठवडाभर कोसळणारा पाऊसही नुकताच थांबला होता. बाहेर वाऱ्याचा मागमूस नव्हता, आणि पुस्तकांच्या कपाटाच्या काचा थरथरत होत्या.