डुकरिणीची लस

हवेतून पसरणारा ताप शेजाऱ्यांच्या डुकरांपर्यंत पोचला, तशी ती जनावरांच्या डॉक्टरांना हातापाया पडून घेऊन आली. आपलं एकेक डुक्कर तिने गुडघ्याखाली दाबून धरलं आणि डॉक्टर कानामागे सुई टोचत गेले. शेवटच्या डुकरिणीला मात्र तिने सोडून दिलं.

"हिची लस राहू द्या. माझी लेक आत ह्याच तापाने फणफणलीय, तिला टोचा."

"बाई, ही माणसांची लस नाही. आणि आजार जडल्यावर लसीचा काय उपयोग? तिला दवाखान्यात न्या."

"नेलं होतं. घरी घेऊन जा म्हणाले."

तिने आपली बाही वर सारली.

"मग मला टोचा. घरातलं कुणी तिच्या खोलीत पाऊल टाकत नाही. ती आहे तोवर मला उभं राहायला हवं."