बिनफटीचं दार

“तुमच्या शाळेनं माझ्या पोरीला खोटं बोलायला शिकवलं,” सुतार म्हणाला. समोर खुर्ची होती, पण तो बसला नाही.

मोठ्या बाईंनी तपासायच्या वह्या बाजूला सारल्या. “आधी पाणी प्या.”

“पाणी नको, उत्तर हवंय. आज एक एप्रिल. तुमचा शिपाई फाटकावर मला म्हणतो, मिस्त्री, मागे शेपूट लावलंय कुणीतरी. मी वळूनसुद्धा पाहिलं नाही. आम्ही ख्रिस्ती माणसं, हा दिवस पाळत नाही. खोटं ते खोटंच. हसत बोललं म्हणून देवाकडे सूट मिळत नाही.”

“माहीत आहे. म्हणून तर दरवर्षी आजच्या दिवशी तुम्ही तिला घरी ठेवता.”

“तरी शिकलीच ना! सकाळी तिची आई दवाखान्यात ड्यूटीवर गेली आणि ही धावत माझ्याकडे. डोळे एवढे मोठे, अंगाला कापरं. काय ते नाटक! माझा हात धरून ओढायला लागली.”

“मग?”

“मग काय, पाठ थोपटू? कोठीच्या खोलीत कोंडलं. खिडकी नाही, दिवा नाही. दार मी स्वतः बसवलंय. एकदा लावलं की मुंगीसुद्धा बाहेर पडत नाही.” त्यानं खिशातून किल्ली काढून टेबलावर ठेवली. आवाजात कारागिराचा ताठा होता.

“आठ वर्षांची पोर आहे हो. रडली असेल.”

“रडली? दार बडवलं, किंचाळली, बाबा बाबा करून घर डोक्यावर घेतलं. मी बाहेर उभा राहून प्रार्थना करत होतो. हळूहळू गप्प झाली. पश्चात्ताप झाला की माणूस गप्प होतो. मग इकडे आलो.”

बाईंच्या कपाळावर आठी पडली. “मिस्त्री, तुमची काहीतरी चूक होतेय. कालच तिनं मला विचारलं, बाई, एप्रिल फूल हे कुठल्या झाडाचं फूल? सगळा वर्ग हसला. मी सांगणार होते, पण तुमचा चेहरा आठवला आणि तोंड मिटलं. थट्टेत कुणी खोटं बोलतं, हेच तिला ठाऊक नाही.”

“काल नव्हतं ना ठाऊक? आज झालं!”

“पण म्हणाली काय ती?”

सुतारानं ओठ आवळले. ते वाक्य पुन्हा तोंडातून काढणंसुद्धा त्याला पाप वाटत होतं. मग त्यानं टेबलावर मूठ आपटली. किल्ली उडून फरशीवर पडली.

“म्हणाली, बाबा, कोठीत साप शिरलाय. आता सांगा, हे तिला कुणी शिकवलं? अहो बाई, किल्ली उचलून कुठे धावताय? उत्तर द्या!”