भिंतीलगतची वाट

भिंतीलगतचं गवत आजही चेपलेलं होतं. नरसिंहराव खाली बसले, त्यांनी हात फिरवून पाहिला. पाती बुडापाशी मोडली होती, मधेमधे माती उघडी पडली होती. मागच्या पायरीपासून निघालेली वीतभर रुंद वाट भिंतीच्या कडेकडेनं फाटकापर्यंत गेली होती. हे मांजराचं काम नव्हतं, घुशीचंही नव्हतं. इथून रोज माणूस चालत होता.

आणि भिंतीपलीकडे उपेंद्र राहत होते.

व्हाइटफील्डच्या त्या जुन्या गल्लीत चहूकडे अपार्टमेंट उठल्यावर अशी हिरवळ एकट्या नरसिंहरावांच्या दारात उरली होती. त्यांची मुलगी श्रीविद्या अमेरिकेत, मिनेसोटाला. तिच्याकडे एक उन्हाळा राहून आले आणि त्यांनी बायकोचे, विमलाबाईंचे, वांगी-मिरच्यांचे वाफे उपटून तिथं गवत लावलं. बेंगळुरूची हवाही गारच की, इथं का जमू नये, असं त्यांचं म्हणणं. तिकडच्यासारखं गवत उंच राखून कापायचं. रोज शिंपडत बसायचं नाही, आठवड्यातून एकदा पोटभर पाणी द्यायचं. जिथं विरळ होईल तिथं पुन्हा लावायचं. हिरवळीवर पाय ठेवायची घरात सगळ्यांना मनाई होती. सगळे म्हणजे विमलाबाई.

उन्हाळ्यात बोअर आटली तेव्हा उपेंद्रांनी भिंतीवरून ऐकवलं होतं, "अण्णा, प्यायला टँकर मागवतो आपण, आणि तुम्ही गवताला पाजता. स्वल्प, थोडा तरी विचार करा." तेव्हापासून बोलणं बंद होतं. हल्ली तर सकाळी गच्चीवर कॉफी पीत उभे असलेले उपेंद्र नरसिंहराव बाहेर आले की पाठ फिरवून आत जात. मनात पाप नसेल तर माणूस असा तोंड का लपवेल?

"मुद्दाम तुडवतोय तो," नरसिंहराव नाश्त्याला बसताना म्हणाले.

"गवतच आहे. येईल परत," विमलाबाई म्हणाल्या. त्यांनी वर पाहिलं नाही.

नरसिंहरावांचा घास हातात राहिला. एरवी हीच बाई उपेंद्रांच्या आंब्याची पानं अंगणात पडली तरी दिवसभर कुरकुरायची. आता त्यांची बाजू घेते? मग एकेक गोष्ट आठवू लागली. आपण उठायच्या आत मागची पायरी धुतलेली असते. दाराची कडी काढलेली असते, दार नुसतं लोटलेलं. काही विचारलं तर ही स्वयंपाकघरात निघून जाते. वाफ्यांचा राग अजून गेला नाही तर. दोघांनी मिळून चालवलंय हे.

त्या संध्याकाळी विमलाबाई देवळात गेल्यावर त्यांनी बोगनवेलीची एक फांदी छाटली. काटे असलेले बोटभर तुकडे केले आणि त्या वाटेवर गवतात खोचून ठेवले, वरून दिसणार नाहीत असे. जो कोणी असेल तो ओरडेल. मग उभ्या गल्लीला कळेल.

पहाटे ते खिडकीच्या पडद्याआड येऊन बसले. डिसेंबरची थंडी होती, गवत दवानं पांढुरकं झालं होतं. फाटक हललं नाही. भिंतीवर कोणी चढलं नाही. मागचं दार मात्र उघडलं, आणि विमलाबाई अनवाणी पायरी उतरल्या.

हाक मारायला नरसिंहरावांनी खिडकी ढकलली, ती अडकून बसली. विमलाबाईंनी एक हात भिंतीला टेकला आणि सावकाश चालायला लागल्या. काटे पेरले होते तिथं आल्या. पाऊल पडलं. पुढचं पडलं. त्या थांबल्या नाहीत, कण्हल्या नाहीत. तशाच चालत राहिल्या, आणि त्यांच्या मागं दव लाल होत गेलं.

ते धावले. "विमला, थांब. पाय उचलू नकोस."

त्या दचकल्या. "तुडवलं नाही हो मुद्दाम," घाईघाईनं म्हणाल्या. मग नवऱ्याची नजर होती तिकडे त्यांनी पाहिलं. दुसऱ्या कुणाचे असावेत तसं त्या आपल्या पायांकडे बघत राहिल्या.

नरसिंहरावांनी त्यांना धरून पायरीवर आणून बसवलं, पाय मांडीवर घेतले.

"कधीपासून?"

"गणपतीपासून. आधी पायाची बोटं बधिर झाली. साखरेमुळं होतं म्हणे. डॉक्टरांनी चप्पल काढू नका म्हणून बजावलंय. पण देवळात एक अक्का म्हणाली, दवावर चाललं की पायात जीव येतो. तुम्हाला सांगितलं असतं तर श्रीविद्येला कळलं असतं. ती पोर तिकडं रडत बसली असती." त्यांनी भिंतीकडे पाहिलं. "उपेंद्रांनी गच्चीवरून एकदा पाहिलं होतं. कुणाला सांगू नका म्हणून मीच हात जोडले."

नरसिंहराव एकेक काटा काढत राहिले. शेवटचा निघाला तेव्हा रक्त थांबेना. त्यांनी टाचेवर अंगठा घट्ट दाबून धरला.

"दुखतंय?"

विमलाबाईंनी मन एकवटून डोळे मिटून घेतले.

"हात लावाल तेव्हा सांगा," त्या म्हणाल्या.