मुठीतली ऊब

काचेच्या पेटीत बाळाची छाती प्रत्येक श्वासाला आत ओढली जात होती. फासळ्यांखाली खळगा पडायचा, बारीकसं कण्हणं ऐकू यायचं आणि पुन्हा खळगा. आजोबा दाराशी उभे राहून ते पाहत होते. पलीकडच्या खोलीत त्यांची मुलगी अर्धवट गुंगीत एकच विचारत होती, "बाबा, रडली का ती?" तिच्यापुढे जायचं त्यांना धाडस होत नव्हतं.

डॉक्टर लगबगीने आली. तिच्या हातात फ्रिजमधून नुकतीच काढलेली एक छोटी कुपी होती.

"सर, हात धुतलेत ना?"

"धुतले. दोनदा."

"मग आत या, स्टुलावर बसा आणि ही मुठीत धरा. अंगाच्या उबेवर आणायची आहे. माझे हात बर्फ झालेत आणि मला नळी तयार करायची आहे. फक्त हलवू नका. फेस झाला तर वाया जाईल, आणि आज आपल्याकडे ही एकच आहे."

आजोबांनी कुपी घेतली. त्यांच्या हातून रोज सकाळी निम्मा चहा बशीत सांडत असे.

"अहो डॉक्टर, माझा हात थरथरतो."

"सर, तुम्ही मला 'अहो' म्हणालात तर माझाही थरथरायला लागेल. छातीशी दाबून धरा."

त्यांनी मूठ छातीशी धरली, वर दुसरा हात ठेवला.

डॉक्टर टेबलाशी वळली. काम करता करता म्हणाली, "माझ्या फुप्फुसाच्या आकृतीला तुम्ही दहापैकी दोन मार्क दिले होते. वर विचारलंत, ही फुप्फुसं आहेत की वांगी?"

"मी असं म्हणालो?"

"सगळ्या वर्गासमोर."

आजोबा ओशाळले. थोड्या वेळाने त्यांनी हळूच विचारलं, "तिला... घड आहेत ना? वायुकोशांचे?"

"आहेत. पुरते धरलेले नाहीत अजून, पण आहेत. नुसते मिटलेत. आठवतं, प्रयोगशाळेत दोन ओल्या काचपट्ट्या एकमेकींना चिकटायच्या, आम्ही नखं घालून सोडवायचो आणि तुम्ही ओरडायचात? तसंच. आत ओल आहे. श्वास सोडला की भिंतीला भिंत चिकटते. पुढच्या श्वासाला सगळं पुन्हा पहिल्यापासून फाकवायचं. दमते ती."

"मग आपले का चिकटत नाहीत?"

"त्या भिंतींत मधूनमधून गुबगुबीत पेशी बसलेल्या असतात. त्या एक बुळबुळीत द्रव पाझरतात. त्याचा थर असला की भिंती सुटतात. त्या पेशी नीट कामाला लागायच्या आधीच या बाईसाहेब हजर झाल्या."

उभं आयुष्य आजोबांनी फळ्यावर तो घड काढला होता. श्वासनलिकेचं खोड, तिच्या फांद्या, फांद्यांच्या डहाळ्या आणि टोकाला द्राक्षांसारखे वायुकोश. वायुकोशाची भिंत एकाच पेशीच्या जाडीची, हे पोरांकडून घोकून घेतलं होतं. आत हवा, बाहेर रक्त, मध्ये खडूची एक रेघ.

"मी ते नेहमी उघडेच काढले गं," ते म्हणाले. "छान गोल. उघडे कशामुळे राहतात, हे कधी मनातच आलं नाही."

"पुस्तकातही उघडेच होते, सर."

मुठीतला गारवा आता जात चालला होता.

"आणि हे औषध कशाचं करतात?"

"वासरांच्या फुप्फुसांतून काढतात. धुऊन, गाळून." तिने नळी उचलली. "तिचं आणि वासराचं आतलं काम सारखंच. तुम्हीच शिकवलंत. सस्तन."

सस्तन. सगळा वर्ग एका सुरात म्हणायचा : गाय, वटवाघूळ, देवमासा, माणूस. पाठ केलं की एक मार्क हमखास. आजोबांनी मुठीकडे पाहिलं. कुठल्या गोठ्यातलं वासरू असेल? त्याने कधी धाव घेतली असेल का? त्याच्या श्वासातलं ते काहीतरी आता त्यांच्या हाताची ऊब घेत होतं, समोर त्यांच्या ओंजळीत मावेल एवढ्या जिवासाठी. त्यांनी मूठ आणखी घट्ट धरली. ती हलत नव्हती.

"द्या, सर."

डॉक्टरने कुपी उजेडाकडे धरली. आतलं दुधाळ पाणी संथ होतं. एक बुडबुडा नव्हता.

"पैकीच्या पैकी," ती म्हणाली.

नळीतून ते पांढरं पाणी थोडं थोडं आत गेलं. खळगा पडला. पुन्हा पडला. डॉक्टरची नजर छातीवरून हलेना. पुढचा खळगा उथळ होता. त्यानंतर छाती वर आली, आपली आपण, खाली गेली, पण मिटली नाही. पुन्हा वर आली. बाळाच्या बोटांच्या टोकांवरची निळसर झाक हळूहळू ओसरली.

डॉक्टरने मोठा सुस्कारा सोडला. "जा, लेकीला सांगा. म्हणावं, रडायला वेळ आहे, नळी निघू दे. मग कान किटवेल. पण छाती फुलली."

आजोबा उठले. दारापर्यंत गेले आणि तसेच थांबले.

"काय झालं, सर? कुपी माझ्याकडे आहे."

त्यांनी खाली पाहिलं. मूठ अजून छातीशी मिटलेली होती. त्यांनी ती उघडली, एकेक बोट करत, जराही हलू न देता.